ग्राफिक्स संस्कारकांचे सॉफ्टवेअर-पाठबळ

संगणकाच्या पडद्यावरील चित्रे तयार करण्यासाठी बनविलेल्या चिपला ग्राफिक्स संस्कारक (जीपीयू) म्हणतात. या चिपकडून चित्रांखेरीज इतर गणितकृत्ये, विशेषतः कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी लागणारे गणन, करवून घ्यावयाचे असेल, तर उत्पादक कंपनीने काही साधने पुरवावी लागतात. चालक आज्ञावली (ड्रायव्हर), भाषांतरक (कंपायलर), तयार गणितकृत्यांचे संग्रह, माहितीपुस्तिका आणि वेळोवेळच्या दुरुस्त्या यांचा त्यांत समावेश होतो. या सर्वांना मिळून सॉफ्टवेअर-पाठबळ असे म्हणता येईल. घरगुती संगणकात बसणारी ग्राफिक्स कार्डे मुख्यतः खेळांसाठी विकली जातात. तथापि २०१२ नंतर तीच कार्डे विद्यार्थी, संशोधक व स्वतंत्रपणे काम करणारे आज्ञावलीकार यांची स्वस्त प्रयोगशाळा बनली. कार्डाच्या अंगी असलेल्या क्षमतेच्या मानाने त्याला मिळणारे पाठबळ अपुरे, अनिश्चित किंवा हेतुतः मर्यादित असते, अशी या वर्गाची तक्रार आहे. या तक्रारीचे स्वरूप, तिच्यामागील तांत्रिक व आर्थिक कारणे आणि तिच्यावर शोधण्यात आलेले उपाय यांचे विवेचन पुढे केले आहे.

संस्कारकाचे स्वरूप : संगणकाच्या मध्यवर्ती संस्कारकात (सीपीयू) थोडे पण बहुगुणी गाभे असतात व ते निरनिराळ्या प्रकारच्या आज्ञा एकामागून एक वेगाने पार पाडतात. ग्राफिक्स संस्कारकात याउलट साध्या रचनेचे शेकडो किंवा हजारो गाभे असतात. पडद्यावरील लक्षावधी बिंदूंचे रंग ठरविताना प्रत्येक बिंदूवर जवळजवळ एकच गणितकृत्य करावे लागते. ते सर्व बिंदूंवर एकाच वेळी उरकावे, हा या रचनेचा हेतू होय. संख्यांच्या उभ्या-आडव्या कोष्टकांचे, म्हणजे आव्यूहांचे, गुणाकार याच पद्धतीने वेगाने होतात. कृत्रिम बुद्धिमत्तेत वापरली जाणारी चेताजालके गणिताच्या दृष्टीने मुख्यतः अशा गुणाकारांचीच मालिका असल्याने हा संस्कारक त्या कामास सोयीचा ठरला.

गाभ्यांच्या संख्येइतकेच कार्डावरील स्मृतीला महत्त्व असते. भाषा हाताळणाऱ्या प्रतिमानाची सर्व प्राचले शक्यतो कार्डाच्या स्मृतीत मावावी लागतात. ७०० कोटी प्राचलांच्या प्रतिमानात प्रत्येक प्राचल १६ बिटांत साठविले, तर १४ गिगाबाइट जागा लागते. तेच ४ बिटांत संक्षेपित केले, तर साडेतीन गिगाबाइट पुरतात. ६,५०० कोटी प्राचलांचे प्रतिमान ४ बिटांत साठवूनही ३२·५ गिगाबाइट जागा व्यापते आणि २४ गिगाबाइटच्या कार्डात मावत नाही. स्मृतीतून दर सेकंदाला किती माहिती वाचता येते, यावर उत्तर मिळण्याचा वेग बव्हंशी अवलंबून असतो.

या दोन्ही मोजमापांत प्रतिस्पर्धी कार्डांमध्ये नेहमीच मोठा फरक असतो असे नाही. २०२२ च्या अखेरीस बाजारात आलेली एनव्हिडिया कंपनीचे ‘आरटीएक्स ४०९०’ व एएमडी कंपनीचे ‘आरएक्स ७९०० एक्सटीएक्स’ ही कार्डे याचे उदाहरण होत. दोहोंवर २४ गिगाबाइट स्मृती होती. वाचनाचा वेग पहिल्याचा सेकंदाला सुमारे १,००८ गिगाबाइट, तर दुसऱ्याचा ९६० गिगाबाइट होता. अमेरिकेतील आरंभीची किंमत मात्र अनुक्रमे १,५९९ व ९९९ डॉलर होती. असे असूनही कृत्रिम बुद्धिमत्तेचे काम करणाऱ्यांनी मोठ्या प्रमाणावर महाग कार्डच निवडले. गणनाचा वेग पहिल्याचा अधिक होता हे खरे. परंतु निवडीचे मुख्य कारण त्या कार्डासाठी उपलब्ध असलेले सॉफ्टवेअर हे होते.

ऐतिहासिक आढावा : एनव्हिडिया कंपनीची स्थापना १९९३ मध्ये अमेरिकेत जेन्सन ह्वांग, ख्रिस मॅलाकोव्हस्की व कर्टिस प्रीम यांनी केली. १९९९ मधील आपल्या ‘जीफोर्स २५६’ या चिपच्या जाहिरातीत कंपनीने जीपीयू हे नाव वापरले व ते रूढ झाले. २००१ च्या सुमारास ग्राफिक्स चिपच्या काही टप्प्यांवर वापरणाऱ्याला स्वतःच्या लहान आज्ञावल्या चालविता येऊ लागल्या. तेव्हा काही शास्त्रज्ञांनी भौतिकीतील व रसायनशास्त्रातील प्रश्न चित्राच्या रूपात मांडून या चिपकडून सोडवून घेण्याचा प्रयत्न केला. ही पद्धत द्राविडी प्राणायामाची होती. तो टाळण्यासाठी स्टॅनफर्ड विद्यापीठात इअन बक व त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘ब्रुक’ ही प्रणाली तयार केली (२००४).

बक पुढे एनव्हिडियात गेले. नोव्हेंबर २००६ मध्ये कंपनीने ‘जीफोर्स ८८००’ या कार्डाबरोबर ‘कूडा’ ही सर्वसाधारण गणनाची प्रणाली जाहीर केली व २००७ मध्ये ती वापरणाऱ्यांच्या हाती दिली. ती सी या परिचित संगणकीय भाषेवर आधारलेली होती. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, ती खेळांसाठी विकल्या जाणाऱ्या साध्या कार्डांवरही चालत होती. त्यामुळे खोलीतील संगणकावर खेळ खेळणाऱ्या विद्यार्थ्याला त्याच यंत्रावर समांतर गणन शिकता आले. या गुंतवणुकीतून त्या वेळी लक्षणीय उत्पन्न मिळत नव्हते.

कॅनडातील एटीआय ही ग्राफिक्स चिप बनविणारी कंपनी एएमडीने २००६ मध्ये विकत घेतली. तिने त्याच सुमारास ‘क्लोज टू मेटल’ नावाची प्रणाली पुढे आणली. परंतु ती चिपच्या अंतर्गत रचनेला फार जवळची व शिकण्यास अवघड होती आणि लवकरच मागे पडली. ॲपल कंपनीच्या पुढाकाराने ‘ओपनसीएल’ हे सर्व उत्पादकांसाठी सामाईक मानक तयार झाले व क्रोनोस गटाने डिसेंबर २००८ मध्ये त्याची पहिली आवृत्ती प्रसिद्ध केली. एएमडीने याच मानकावर भर दिला. मात्र मानक एक असले, तरी त्याची अंमलबजावणी प्रत्येक कंपनीने आपापल्या मगदुराप्रमाणे केली व तयार गणितकृत्यांचे संग्रह तुलनेने थोडे राहिले. ज्या ॲपलने मानकाचा आरंभ केला, तिनेच २०१८ मध्ये ते आपल्या प्रणालींत कालबाह्य ठरविले.

कृत्रिम बुद्धिमत्तेच्या इतिहासात २०१२ हे वर्ष निर्णायक ठरले. टोरांटो विद्यापीठातील ॲलेक्स क्रिझेव्हस्की, इल्या सुट्स्केव्हर व जेफ्री हिंटन यांनी चित्रे ओळखण्याच्या इमेजनेट स्पर्धेत १५·३% इतकी अल्प चूक साधली. दुसऱ्या क्रमांकाच्या स्पर्धकाची चूक २६·२% होती. सुमारे १२ लाख चित्रांवर आधारलेले त्यांच्या जालकाचे प्रशिक्षण ‘जीटीएक्स ५८०’ या प्रत्येकी ३ गिगाबाइट स्मृतीच्या दोन कार्डांवर पाच ते सहा दिवसांत पूर्ण झाले होते. ही खेळांची कार्डे होती आणि काम कूडा प्रणालीत केलेले होते. घरगुती कार्ड व त्याला मिळालेले पाठबळ यांच्या संयोगातून काय निष्पन्न होऊ शकते, याचे हे प्रत्यंतर होय.

सॉफ्टवेअरचे थर : आज्ञावलीकार सामान्यतः चिपशी थेट व्यवहार करीत नाही. तो ‘टेन्सरफ्लो’ (२०१५) किंवा ‘पायटॉर्च’ (२०१७) यांसारख्या चौकटीत जालकाचे वर्णन करतो. ही चौकट आव्यूहांचे गुणाकार इ. कृत्ये उत्पादकाने पुरविलेल्या संग्रहांकडे सोपविते. एनव्हिडियाचा ‘कूडीएनएन’ (२०१४) हा संग्रह याचे उदाहरण आहे. त्याखाली भाषांतरक, त्याखाली चालक आज्ञावली आणि सर्वांत खाली चिपमध्येच भरलेली अंतर्गत आज्ञावली (फर्मवेअर) असते. यांपैकी एका थरात दोष असला, तरी वरचे सर्व काम अडते. तळाचे थर बंदिस्त असतील, तर दोष कोठे आहे हे आज्ञावलीकाराला शोधताही येत नाही. एखाद्या कृत्याचे उत्तर चुकले, संगणक कोसळला किंवा वेग निम्म्यावर आला, तरी उत्पादकाच्या दुरुस्तीची वाट पाहण्यापलीकडे त्याच्या हाती काही उरत नाही.

जुन्या आज्ञावल्या नव्या चिपवर चालण्याची हमी हा पाठबळाचा दुसरा घटक होय. कूडाच्या आज्ञावलीचे प्रथम ‘पीटीएक्स’ नावाच्या मध्यस्थ भाषेत रूपांतर करता येते व चालक आज्ञावली त्यावरून समोरच्या चिपला समजेल असे रूप ऐनवेळी तयार करते. म्हणून आज लिहिलेली आज्ञावली उद्याच्या चिपवरही चालण्याचा संभव असतो. एएमडीच्या प्रणालीत बराच काळ प्रत्येक चिपसाठी निराळे यंत्ररूप आगाऊ तयार करावे लागे. परिणामी एखादी चिप अधिकृत यादीत नसेल, तर तिच्यासाठी संग्रहच तयार मिळत नसत, मग चिप कितीही समर्थ असो.

एएमडीविषयीच्या तक्रारी : एएमडीने नोव्हेंबर २०१५ मध्ये ‘बोल्ट्झमन’ उपक्रम जाहीर केला व २०१६ मध्ये त्यातून ‘रॉकएम’ ही मुक्तस्रोत प्रणाली प्रसिद्ध केली. तिच्यातील ‘हिप’ ही भाषा कूडाशी पुष्कळ अंशी मिळतीजुळती ठेवण्यात आली होती. बंदिस्त कूडाला मुक्त पर्याय मिळाला म्हणून आज्ञावलीकारांनी तिचे स्वागत केले. परंतु पुढील काही वर्षांत निराशा पदरी आली. २०१६ ते २०१८ या काळात विकल्या गेलेल्या ‘पोलारिस’ रचनेच्या लोकप्रिय कार्डांचे पाठबळ अवघ्या चार-पाच वर्षांत मागे पडले. २०१९ मध्ये आलेली ‘आरएक्स ५७००’ मालिकेतील कार्डे अधिकृत यादीत घेण्यात आली नाहीत. त्याच वर्षीचे १६ गिगाबाइट स्मृतीचे ‘रेडिऑन सेव्हन’ हे कार्ड गणनास उपयुक्त असूनही २०२३ मध्ये त्याच्या चिपसाठी केवळ देखभालीपुरते पाठबळ ठेवण्याचे ठरले. ‘आरएक्स ७९०० एक्सटीएक्स’वर पायटॉर्चला अधिकृत मान्यता मिळण्यास ऑक्टोबर २०२३ उजाडले, म्हणजे कार्ड विक्रीस आल्यापासून सुमारे दहा महिने लोटले होते व तीही लिनक्स प्रणालीपुरतीच होती.

याच्या तुलनेसाठी एनव्हिडियाची २०१४ मधील ‘मॅक्सवेल’ रचना घेता येईल. तिचे पाठबळ ऑगस्ट २०२५ मधील कूडाच्या तेराव्या आवृत्तीत काढून टाकण्यात आले; म्हणजे ते सुमारे अकरा वर्षे टिकले. वर्षानुवर्षे उपयोगी पडेल अशा आज्ञावलीत श्रम गुंतविणाऱ्याच्या दृष्टीने हा फरक वेगातील फरकापेक्षा अधिक महत्त्वाचा ठरतो.

अधिकृत यादीबाहेरील कार्डांच्या धन्यांनी एक आडवाट शोधली. संगणकाच्या कार्यपरिस्थितीतील एक चल बदलून, आपले कार्ड म्हणजे यादीतील त्याच घराण्याचे दुसरे कार्ड आहे असे रॉकएमला भासवावयाचे, अशी ती युक्ती होती. ‘आरएक्स ६०००’ मालिकेतील अनेक कार्डांवर ती सफल झाली. यावरून असे दिसून आले की, अडचण पुष्कळदा चिपच्या असमर्थतेची नव्हती, तर उत्पादकाने चाचणी करून जबाबदारी न घेतल्याची होती.

ही नाराजी २०२३ मध्ये उघडपणे चर्चेत आली. अमेरिकन आज्ञावलीकार जॉर्ज हॉट्झ यांनी ‘टायनी कॉर्प’ ही कंपनी काढून एएमडीच्या घरगुती कार्डांवर आधारलेला कृत्रिम बुद्धिमत्तेचा संगणक तयार करण्याचे योजिले होते. एएमडीच्याच नमुना आज्ञावल्या चालविताना यंत्र कोसळते, अशी तक्रार त्यांनी जाहीरपणे मांडली. एएमडीच्या प्रमुख लिसा सू यांनी तिची दखल घेतली. २०२४ मध्ये हॉट्झ यांनी चिपमधील अंतर्गत आज्ञावली मुक्त करण्याची मागणी पुन्हा लावून धरली. अखेरीस त्यांच्या कंपनीने एएमडीच्या व एनव्हिडियाच्या कार्डांची दोन वेगवेगळी यंत्रे विक्रीस ठेवली. त्यांपैकी एनव्हिडियाच्या यंत्राची किंमत अधिक होती. कार्डांच्या किंमतीतील फरकाखेरीज, दोषांशी झगडण्याचा वेळ वाचविण्याची किंमतही ग्राहकाने विचारात घ्यावी, असा या व्यवस्थेचा व्यावहारिक अर्थ होता.

एनव्हिडियाविषयीच्या तक्रारी : एनव्हिडियाविषयीचे आक्षेप निराळ्या स्वरूपाचे आहेत. तिचे सॉफ्टवेअर चालते. पण कोणी, कोठे व किती प्रमाणात चालवावे याचे नियंत्रण कंपनी आपल्या हाती ठेवते. डिसेंबर २०१७ मध्ये घरगुती कार्डांच्या चालक आज्ञावलीचा परवाना बदलून, माहितीकेंद्रांत तिचा वापर करण्यास बंदी घालण्यात आली. त्यातून केवळ ब्लॉकचेनचे काम वगळले होते. ‘आरटीएक्स ३०९०’ या २०२० मधील कार्डात दोन कार्डे वेगवान दुव्याने जोडण्याची सोय होती. २०२२ मधील ‘आरटीएक्स ४०९०’ मधून ती काढून टाकली गेली. याच चिपच्या घराण्यातील ‘आरटीएक्स ६००० एडा’ या व्यावसायिक कार्डावर दुप्पट, म्हणजे ४८ गिगाबाइट, स्मृती देण्यात आली व त्याची किंमत सुमारे ६,८०० डॉलर ठेवण्यात आली. घरगुती कार्डांतील सर्वाधिक स्मृती २०२० पासून २४ गिगाबाइटवर स्थिर होती व जानेवारी २०२५ मध्ये ‘आरटीएक्स ५०९०’ बरोबर ती ३२ गिगाबाइट झाली.

लिनक्सच्या वर्तुळातील नाराजी याहून जुनी आहे. चालक आज्ञावली बंदिस्त ठेवल्याबद्दल लिनक्सचे जनक लीनस टॉर्व्हाल्ड्स यांनी २०१२ मध्ये फिनलंडमधील आल्टो विद्यापीठात एनव्हिडियावर अत्यंत कडक शब्दांत टीका केली होती. मे २०२२ मध्ये कंपनीने चालक आज्ञावलीचा लिनक्सच्या गाभ्याशी जोडला जाणारा भाग मुक्त केला; कूडाचे वरचे थर मात्र बंदिस्तच राहिले. कूडाच्या साधनांनी तयार झालेले रूप उलगडून ते इतर कंपन्यांच्या चिपसाठी भाषांतरित करण्यास मनाई करणारे कलम परवान्यात असल्याचे २०२४ मध्ये सर्वांच्या लक्षात आले व त्यावर बरीच चर्चा झाली.

इंटेल व ॲपल : इंटेलने ‘लॅराबी’ हा स्वतंत्र ग्राफिक्स चिपचा प्रकल्प २००९ च्या अखेरीस ग्राहकोपयोगी वस्तू म्हणून रद्द केला. २०२२ मध्ये ती ‘आर्क’ कार्डांच्या रूपाने या क्षेत्रात पुन्हा आली. त्यांपैकी ‘ए७७०’ हे कार्ड १६ गिगाबाइट स्मृतीसह तुलनेने स्वस्तात मिळे. पण पायटॉर्चसाठी इंटेलचे स्वतंत्र जोडपत्र बसवावे लागे. ऑक्टोबर २०२४ मधील पायटॉर्चच्या आवृत्तीत इंटेलच्या चिपना थेट स्थान मिळाले. ॲपलने २०२० पासून स्वतःच्या चिपमध्ये मध्यवर्ती व ग्राफिक्स संस्कारकांना एकच सामाईक स्मृती दिली. त्यामुळे मोठी प्रतिमाने घरगुती संगणकात मावू लागली. परंतु तिची ‘मेटल’ प्रणाली ॲपलच्या यंत्रांपुरतीच मर्यादित आहे. अशा रीतीने प्रत्येक उत्पादकाची वाट निराळी राहिली व एकच आज्ञावली सर्वत्र चालावी ही आज्ञावलीकारांची अपेक्षा अपुरी राहिली.

उत्पादकांची बाजू : या वर्तनामागे काही वस्तुनिष्ठ कारणे आहेत. पाठबळ जाहीर करणे म्हणजे प्रत्येक चिप, प्रत्येक कार्यकारी प्रणाली व प्रत्येक चौकट यांच्या असंख्य जोड्यांची चाचणी सतत करीत राहणे होय. हा खर्च कार्डाच्या एकदाच मिळणाऱ्या किंमतीतून भागवावा लागतो. रॉकएमच्या उभारणीच्या काळात एएमडीची आर्थिक स्थिती नाजूक होती. २०१५ या वर्षात कंपनीला ६६ कोटी डॉलरचा तोटा झाला होता. मर्यादित मनुष्यबळ तिने महासंगणकांसाठीच्या मोठ्या गिऱ्हाइकांकडे वळविले. त्यातच तिने खेळांसाठी व गणनासाठी दोन निराळ्या चिपरचना विकसित केल्याने एकीसाठी केलेले काम दुसरीला आपोआप लागू पडेना. सप्टेंबर २०२४ मध्ये या दोन रचना पुन्हा एकत्र आणण्याचा मनोदय कंपनीने जाहीर केला.

एनव्हिडियाच्या बाबतीत कारण उलट आहे. जानेवारी २०२५ मध्ये संपलेल्या आर्थिक वर्षात तिला माहितीकेंद्रांच्या विभागाकडून सुमारे ११५ अब्ज डॉलर, तर खेळांच्या विभागाकडून सुमारे ११ अब्ज डॉलर उत्पन्न मिळाले. स्वस्त कार्डावर मोठी स्मृती दिल्यास महाग चिपची विक्री घटेल, ही भीती अशा वेळी स्वाभाविक ठरते. म्हणजे एका कंपनीला घरगुती ग्राहकासाठी खर्च परवडत नव्हता, तर दुसरीला त्याला अधिक काही देणे फायद्याचे नव्हते. दोन्हींचा परिणाम त्या ग्राहकावर सारखाच झाला.

तथापि या हिशेबात एक बाब निसटते. मोठ्या संस्थांत कोणती चिप घ्यावयाची याचा सल्ला जे तंत्रज्ञ देतात, ते विद्यार्थिदशेत बहुधा स्वतःच्या स्वस्त कार्डावरच शिकलेले असतात. नवी प्रतिमाने, नवे संग्रह व दोषांच्या दुरुस्त्या त्यांच्याच हातून प्रथम घडतात. एनव्हिडियाने २००६ नंतर घरगुती कार्डांवर केलेल्या खर्चाचे फळ तिला असे उशिरा, पण मोठ्या प्रमाणावर मिळाले. एएमडीला हीच गोष्ट बाहेरून आत अशा क्रमाने अनुभवावी लागली. तिच्या २०२३ मधील ‘एमआय३००एक्स’ या मोठ्या चिपवर १९२ गिगाबाइट स्मृती असूनही, सॉफ्टवेअरमधील दोषांमुळे तिची कागदोपत्री क्षमता प्रत्यक्षात उतरत नाही, असा निष्कर्ष एका स्वतंत्र विश्लेषण संस्थेने डिसेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केला व कंपनीच्या प्रमुखांनी त्याची दखल घेतली.

उपाय व पर्याय : आज्ञावलीकारांनी उत्पादकांची वाट न पाहता अनेक मार्ग चोखाळले. फेब्रुवारी २०२३ मध्ये मेटा कंपनीने ‘लामा’ हे भाषा-प्रतिमान संशोधकांना दिल्यानंतर पुढच्याच महिन्यात बल्गेरियातील आज्ञावलीकार गिऑर्गी गेर्गानोव्ह यांनी ‘लामा डॉट सीपीपी’ ही आज्ञावली लिहिली. ती संक्षेपित प्राचले वापरून प्रथम साध्या मध्यवर्ती संस्कारकावर व नंतर निरनिराळ्या ग्राफिक्स संस्कारकांवर चालू लागली. २०२४ मध्ये तीत ‘व्हल्कन’चा आधार घेण्यात आला. व्हल्कन हे क्रोनोस गटाचे मूळचे चित्रांसाठीचे मानक (२०१६) असून खेळांसाठी ते बहुतेक सर्व कार्डांवर चालविणे उत्पादकांना भाग पडते. त्यामुळे ज्या कार्डांना गणनाचे अधिकृत पाठबळ नव्हते, तीही या मार्गाने उपयोगात आली.

कूडासाठी लिहिलेली आज्ञावली न बदलता दुसऱ्या कंपनीच्या चिपवर चालविणारी ‘झ्लूडा’ ही प्रणाली आधी इंटेलच्या चिपसाठी तयार झाली. पुढे तिला एएमडीचे अर्थसाहाय्य मिळाले. ते थांबल्यावर फेब्रुवारी २०२४ मध्ये तिचा मुक्तस्रोत प्रसिद्ध झाला. परंतु त्याच वर्षी ऑगस्टमध्ये एएमडीच्या आक्षेपामुळे तो मागे घ्यावा लागला व प्रकल्पाची पुन्हा वेगळ्या पायावर उभारणी सुरू झाली. ओपनएआय संस्थेची ‘ट्रायटन’ ही भाषा (२०२१) तिसरा मार्ग दाखविते. तीत गणितकृत्य चिपच्या तपशिलापासून अलिप्त राहून लिहिता येते व निरनिराळ्या चिपसाठी त्याचे रूपांतर भाषांतरक करतो. हे मार्ग उपयुक्त असले, तरी चालक आज्ञावली व अंतर्गत आज्ञावली यांतील दोषांवर त्यांपैकी कोणाचाही इलाज चालत नाही. तेथे शेवटी उत्पादकावरच अवलंबून राहावे लागते.

भारतातील संदर्भ : पुण्याच्या प्रगत संगणन विकास केंद्रात (सी-डॅक) २०२० मध्ये उभारलेला ‘परम सिद्धी-एआय’ हा महासंगणक एनव्हिडियाच्या चिपवर आधारलेला असून नोव्हेंबर २०२० च्या जागतिक यादीत तो ६३ व्या क्रमांकावर होता. केंद्र शासनाने मार्च २०२४ मध्ये सुमारे १०,३७२ कोटी रुपयांच्या ‘इंडिया एआय’ मोहिमेस मंजुरी दिली. संशोधकांना व नवोद्योगांना ग्राफिक्स संस्कारक सवलतीच्या दराने वापरावयास देणे हा तिचा एक प्रमुख भाग आहे. ज्यांना अशा केंद्रांत प्रवेश नाही, त्यांना घरच्या वा महाविद्यालयातील एखाद्या कार्डावरच भिस्त ठेवावी लागते. भारतीय भाषांची प्रतिमाने तयार करण्याचे काम व्यापारी दृष्ट्या कमी आकर्षक असल्याने ते बव्हंशी लहान गट व शिक्षणसंस्था यांच्याकडून होण्यासारखे आहे. म्हणून स्वस्त कार्डांच्या पाठबळाचा प्रश्न त्यांच्या दृष्टीने केवळ सोयीचा नाही.

सद्यःस्थिती व मूल्यमापन : २०२५ मध्ये परिस्थितीत काही सुधारणा झाल्याचे दिसून आले. मार्चमध्ये विक्रीस आलेल्या एएमडीच्या ‘आरएक्स ९०७०’ मालिकेला मे महिन्यात रॉकएमचे अधिकृत पाठबळ मिळाले. आधीच्या पिढीतील विलंब दहा महिन्यांचा होता हे लक्षात घेता ही प्रगती होय. रॉकएमची सातवी आवृत्ती त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये प्रसिद्ध झाली व विंडोज प्रणालीकडेही अधिक लक्ष देण्यात आले. मात्र विक्रीच्या पहिल्या दिवशी पाठबळ तयार असणे आणि ते किती वर्षे टिकेल हे आधी सांगितले जाणे, या दोन जुन्या अपेक्षा सर्वच कार्डांच्या बाबतीत पूर्ण झालेल्या नाहीत.

ग्राफिक्स कार्ड विकत घेताना ग्राहक वस्तूची किंमत एकदाच देतो. तिचा उपयोग मात्र नंतरच्या वर्षांत उत्पादक कोणते सॉफ्टवेअर पुरवितो यावर ठरतो. गाभ्यांची संख्या, स्मृती व वेग हे आकडे वेष्टनावर छापलेले असतात. पाठबळाचा कालावधी बहुधा छापलेला नसतो. आज्ञावलीकारांच्या नाराजीचे मूळ चिपच्या उणिवांपेक्षा या न छापलेल्या अटीत अधिक आहे. चालक आज्ञावली व चिपच्या अंतर्गत रचनेची माहिती खुली असणे हा तिच्यावरील एक उपाय होय. कारण मग उत्पादकाने लक्ष काढून घेतल्यावरही वापरणाऱ्यांना आपले यंत्र स्वतःच्या श्रमाने चालू ठेवता येते. दुसरा उपाय म्हणजे अनेक कंपन्यांच्या चिपवर चालणारी सामाईक साधने. या दोहोंची प्रगती जितकी होईल, तितके घरगुती कार्ड हे कृत्रिम बुद्धिमत्तेच्या अभ्यासाचे सर्वांना परवडणारे साधन राहील.